फुली

मरणाच्या आदल्या दुपारीही जटाशंकर मास्तरांनी नेमाने एका पोरीला रडवलं.

भावनगरच्या घराच्या ओसरीवर सातवीची शिकवणी चालली होती. फळ्यावर समीकरण होतं: २½ क्ष − १¼ = ८¾. हर्षिदा वडिलांचा चहा घेऊन बाहेर आली, तेव्हा रिंकलने वही पुढे केली होती. वहीत एकच ओळ: क्ष = ४.

"पायऱ्या कुठायत?"

"मनात केलं, साहेब. पावणेनऊ नि सव्वा मिळून दहा. अडीच चोक दहा. बाने, म्हणजे आजीने, माझ्याकडून अडीचकी पाठ करून घेतलीय."

"मग परीक्षेला तुझ्या आजीलाच बसव." मुलं हसली. "अंशाधिक अपूर्णांक केला नाही, छेद घालवला नाही, आणि म्हणे चार. शेजारणीचं बघून लिहिलंस. चोर कुठली."

त्यांनी लाल फुली मारली. शेजारणीच्या वहीत उत्तर दहा होतं. तिने अडीच म्हणजे दोन गुणिले अर्धा धरलं होतं. दोन्ही वह्या मास्तरांच्या समोर होत्या. हर्षिदालाही त्या दिसत होत्या.

"काय बघतेस? चहा ठेव. तूही सातवीत असलेच धंदे करायचीस."

तेव्हा त्यांनी तिला भर वर्गात पाठमोरी उभी केली होती. त्याला तीस वर्षं झाली. तिने चहा ठेवला नि आत गेली. चहात साखर घातली नव्हती. विसरली नव्हती.

सकाळी दात घासतानाच मास्तर कोसळले, ते उठलेच नाहीत.

तिसऱ्या दिवशी बेसणं झालं. पांढऱ्या चादरींवर पांढऱ्या कपड्यांतली माणसं, समोर हार घातलेला फोटो. बायकांच्या बाजूला रिंकल आजीला चिकटून बसली होती. मास्तरांचा एक जुना विद्यार्थी, आता स्वतः शिक्षक, हात जोडून उभा राहिला.

"साहेबांची फुली उभ्या जन्मात चुकली नाही."

माना डोलल्या. रिंकलची मान खाली गेली.

"चुकली," हर्षिदा म्हणाली.

"बेटा, राहू दे आता," काका पुटपुटले.

"रिंकलचं उत्तर बरोबर होतं. तिने कुणाचं बघितलं नव्हतं, आणि त्यांना ते दिसत होतं." ती फोटोकडे वळली.

"मीही नव्हतं बघितलं, बापुजी. मी चोर नव्हते."