अंगठ्याखालचा आकडा

मी एक जुनी मोजपट्टी आहे. शिंपी लोक मला टेप म्हणतात. साठ इंच लांबी, पिवळं मेणकापड आणि दोन्ही टोकांना पितळी पत्रा, असा माझा थाट होता. आता रंग उडाला आहे, एक पत्रा गळून पडला आहे. पण मित्रांनो, माझे इंच अजून तेवढेच आहेत. मी कधी ताणले गेले नाही, की आकसले नाही. म्हातारपणी एवढी बढाई मारायचा मला हक्क आहे.

माझ्या अंगावर आणखी एक खूण आहे. बत्तीस ते एक्केचाळीस हे माझे आकडे पुसट झाले आहेत. ते उन्हाने गेले नाहीत आणि पाण्यानेही गेले नाहीत. कशाने गेले, तेच आज सांगायला बसले आहे.

मुंबईच्या बाजारात एका दुकानात मी गुंडाळी होऊन पडले होते. एकोणीसशे एकतीस साली पास्कोल मास्तर तिथे आले. उत्तनजवळ चौक गावात त्यांचं शिवणाचं दुकान होतं. दुकान कसलं, एक हातमशीन, एक पाट आणि खिडकीतून दिसणारा दर्या. मास्तर चोखंदळ. दुकानदाराने पुढे टाकलेली प्रत्येक टेप त्यांनी आपल्या लाकडी गजाशी लावून पाहिली. सात टेपा नापास झाल्या. मी आठवी. त्या दिवशी मास्तरांनी मला गळ्यात घातलं, आणि राजाच्या गळ्यातल्या कंठ्यालाही आला नसेल एवढा रुबाब मला आला.

माझं पहिलं काम होतं मॅन्युएलच्या लग्नाचा कोट. मॅन्युएल मास्तरांचा लंगोटीयार, शिडाचे दोर ओढून अंग कसं घोटीव झालेलं. छाती छत्तीस, कंबर एकतीस. मास्तरांनी आकडा मोठ्याने वाचला आणि मॅन्युएलने मिशीला पीळ दिला.

त्या गावात लग्नाचा कोट जन्मभर पुरवायची रीत होती. सणाला तोच, लेकरांच्या बाप्तिस्म्याला तोच, आणि शेवटी पेटीत निजवतानाही तोच. म्हणून शिंपी शिवणीत आत जास्तीचं कापड दुमडून ठेवत. त्याला माया म्हणतात. पास्कोल मास्तर तर मायेशिवाय उरलेले तुकडेसुद्धा पुडीत बांधून, वर नाव लिहून ठेवत.

पुढे मॅन्युएलचं नशीब उघडलं. दोन होड्या झाल्या. दर्यावर जायला माणसं मिळाली, तसा हा किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसू लागला. बोंबील वाळत घालणं दुसऱ्याकडे, वल्हं दुसऱ्याकडे, याच्याकडे फक्त हुकूम आणि ताट. वयाच्या तिशीत गड्याने बाळसं धरलं. लोक म्हणत, "मॅन्युएल सुधारला रं!" पोट सुटणं म्हणजे घरात लक्ष्मी नांदणं, असंच तेव्हा सगळे समजत.

दर वर्षी सणाच्या आधी तो कोट घेऊन येई. मास्तर मला त्याच्या पोटाभोवती गुंडाळत. आणि मग जे करत ते मला कधीच आवडलं नाही. आकड्यावर अंगठा दाबून ठेवत; माझे आकडे पुसट झाले ते त्यानेच.

"काय आलं रं, पास्कू?"

"तेवढंच हाय. बटण जरा हलवतो."

मित्राला वाईट वाटू नये, एवढाच मास्तरांचा हेतू. मॅन्युएल घरी गेला की ते शिवण उसवत, आतली माया सोडत, आणि माया संपली तेव्हा पुडीतले तुकडे जोडू लागले. हात असा सफाईदार की जोड कुणाच्या बापाला दिसू नये. सणाच्या दिवशी मॅन्युएल देवळासमोर, चर्चला तिथे देऊळच म्हणत, छाती काढून सांगे, "इतकी वर्सं झाली, पन लग्नाचाच कोट अजून अंगावर बसते!" मास्तर खाली मान घालून हसत. खरं बोलायला जन्मलेली मी, आणि माझंच तोंड दाबलेलं. मला फार राग येई.

मास्तरांचं दुसरं मोठं गिऱ्हाईक भाईंदरचे गोवर्धन शेठ, धान्याचे व्यापारी. दर दिवाळीला नवा काळा कोट. मला पाहिलं की त्यांचं एकच पालुपद, "मास्तर, ढीला रखो. शेठ माणूस भरलेला दिसला पाहिजे." त्यांच्या पोटाला मी शेहेचाळीस इंच लागत असे.

छत्तीस सालच्या दिवाळीआधी त्यांच्या पत्नीने, कमळाबाईंनी, निरोप धाडला. आम्ही गेलो तर शेठ खाटेवर. काही महिन्यांपूर्वी एका सकाळी चूळ भरताना जीभ अडखळली, तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू लुळी पडली. लकवा. त्यांना आता कोट नको होता, एका हाताने घालता येईल असा सदरा हवा होता. मी दोन्ही दंड मोजले. डावा साडेअकरा इंच, उजवा नऊ. इतकी वर्षं माणसं मोजली, पण एकाच माणसाचे दोन दंड असे वेगळे मी पहिल्यांदाच पाहिले. मास्तरांनी बटणांऐवजी नाड्या लावल्या. शेठ काहीतरी बोलू बघत होते, मास्तर वाकून ऐकत होते. बहुधा "ढीला रखो"च असावं. वर्षभरात त्यांचं हृदयही थकलं आणि ते गेले.

तुम्हाला वाटेल, आता मास्तरांचा अंगठा बाजूला झाला असेल. नाही झाला. ते मनाशी म्हणत, शेठ गादीवर बसून खाणारा, मॅन्युएल पडला दर्याचा गडी, त्याला काय धाड भरलीय! पण दर्याच्या गड्याने पाच वर्षांत वल्ह्याला हात लावला नव्हता, हे सगळ्या गावाला दिसत होतं.

एकोणचाळीस साली मॅन्युएलला आयुष्याचा विमा उतरवायची हुक्की आली. तपासायला मुंबईहून डॉक्टर राजाध्यक्ष आले. होडीतून उतरताना त्यांची टेप चिखलात पडली, म्हणून मास्तरांकडे माणूस आला आणि माझी स्वारी डॉक्टरांच्या हातात गेली. आता सांगा, आहे का कुठल्या शिंप्याच्या टेपेला हा मान?

डॉक्टरांचा अंगठा आकड्यावर नव्हता. "पोट आत ओढू नका," ते म्हणाले. छाती अडतीस. पोट एक्केचाळीस. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधला आणि पाऱ्याच्या यंत्रावर रक्ताचा दाब पाहिला. काचेच्या नळीत निळं औषध घालून त्यात लघवीचे थेंब टाकले आणि तापवलं. निळ्याचं विटकरी झालं.

"विमा मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले. "दाब फार चढलाय, साखरही आहे. आणि पोट छातीच्या तीन इंच पुढे गेलंय. आम्ही विम्याचे डॉक्टर हजारो माणसं मोजतो. ज्यांचं पोट छातीच्या पुढे जातं, ती लवकर जातात, हे आम्हाला मोजून मोजून कळलंय."

मॅन्युएलची बायको व्हायोलेट दारात उभी होती. "सरळ सांगा, डॉक्टर. काय व्हनार?"

"आज काही नाही. पण दाब आणि साखर रक्ताच्या नळ्या खराब करतात. एखाद दिवशी हृदयाची नळी बंद होते, नाहीतर मेंदूतली. अजून वेळ आहे. खाणं आवरा, दारू सोडा, खारं कमी करा, अंग हलवा."

मॅन्युएल खो खो हसला. "टेप लबाड हाय ही! माज्या लग्नाचा कोट मना अजून बसते!"

चार दिवसांत गावभर झालं, पास्कूची टेप आकसलीय. एका नवरीकडच्यांनी तर दिलेलं कापड परत नेलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यांत वाईट दिवस. मास्तरांनी मला पुन्हा गजाशी लावून पाहिलं. मी तंतोतंत होते.  मग मास्तर खणातून गोवर्धन शेठच्या सदऱ्याच्या उरलेल्या नाड्या काढून हातात धरून राहिले. गप्प राहिले तर बदनामी माझी, आणि मॅन्युएल शेठच्या वाटेने जाणार. बोलले तर मैत्री तुटणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कात्री घेऊन मॅन्युएलच्या घरी गेले. "तुजा कोट आन," म्हणाले. आणि मॅन्युएलसमोर त्यांनी अस्तर उसवलं.

आत सगळं उघडं पडलं. जुन्या शिवणींच्या फिकट रेघा एकापुढे एक, आणि त्यापुढे जोडलेले तुकडे. प्रत्येक सणाची एक रेघ.

"ही एकतीसची, लग्नाची. ही पुढच्या सनाची," मास्तर बोट ठेवत गेले. "टेप न्हाय रं खोटी, मॅन्युएल. मी खोटा. तुना बरं वाटावं म्हनून आकडा झाकला. शेठचाबी असाच सैल करत गेलो. त्याचा सदरा मीच शिवला. तुजा न्हाय शिवनार."

मॅन्युएलचा चेहरा लाल झाला. "चल, नीघ हितून!" तो ओरडला. आम्ही निघालो. दोन आठवडे त्याने मास्तरांचं तोंड पाहिलं नाही.

मग एका रविवारी, देवळातली मिस्सा म्हणजे प्रार्थना झाल्यावर, तो दुकानात आला. तळहात सोललेले होते. वल्ह्याचे फोड मी ओळखते. "मोज," म्हणाला. "आनि मोठ्यानं वाच."

त्यानंतर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मला मान मिळाला. तो पुन्हा होडीवर जाऊ लागला, भाईंदरला बैलगाडीऐवजी पायी जाऊ लागला, दारू सुटली, ताटातला भात निम्मा झाला. चाळीस, साडेएकोणचाळीस, मध्ये नाताळात पुन्हा चाळीस, मग अडतीस. मास्तर आकडा असा ओरडत की शेजारच्या घरातून टाळ्या पडत. तीन वर्षांनी डॉक्टर आले तेव्हा नळीतलं निळं निळंच राहिलं. दाबही उतरला होता, पण पुरता नाही. "धोका गेला असं मी म्हणणार नाही," ते म्हणाले, "पण खूप कमी झालाय. हे सोडू नका." मी गळ्यात होते, म्हणून बरं. जमिनीवर असते तर नाचले असते!

अठ्ठेचाळीस साली मॅन्युएलच्या मुलीचं, व्हेराचं लग्न झालं. मास्तरांनी कोटातले तुकडे एकेक करून काढले. कंबर चौतीस. कोट घालून मॅन्युएल दुकानात उभा राहिला. "ह्याच कोटात मना पुरतील," म्हणाला, "पन अजून घाई न्हाय."

मग त्याने अचानक मला मास्तरांच्या गळ्यातून काढलं आणि त्यांच्याच पोटाभोवती गुंडाळलं. माझ्या देखतच सतरा वर्षं मशीनवर बसलेले मास्तर! सारा गाव मोजला, पण स्वतःला कधी मोजलं नाही. सवयीने मास्तरांचा अंगठा आकड्यावर गेला.

"अंगठा काड, पास्कू."

मास्तरांनी काढला. एकोणचाळीस. मॅन्युएलने तो सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा वाचला, आणि म्हणाला, "उद्या सकाळी तय्यार रहा. भाईंदरपत्तूर चालायचं हाय."

मित्रांनो, आता मी खुंटीवर असते. आकडा मोठा आला म्हणून कुणी लाजू नये, कुणी कुणाला हसू नये. आकडा ही शिवी नाही, निरोप आहे. घरच्या माणसांना अधूनमधून मोजा, त्यांच्याबरोबर चाला. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला मोजताना अंगठा तेवढा बाजूला ठेवा.