पटावरचं पाचवं नाव

टाकाच्या टोकाशी शाईचा थेंब थरथरत होता... पडेल, नाही पडणार... महानंदा त्याच्याकडेच बघत राहिली, कारण हजेरीपटावरची चार नावं वाचून झाली होती आणि पाचवं होतं मल्लिनाथ.

तुळजापूरच्या शाळेत बाई म्हणून ती लागली त्याला आज शाळेचा तेरावा दिवस, आणि रोज ती ते नाव ओलांडून सहाव्यावर जायची. नवऱ्याचं नाव तेच. लग्नात उखाण्यात एकदा घेतलेलं — हळदीचा वास, बायकांचं हसणं, आणि खाली मान घालून हळूच हसलेले ते — त्यानंतर कधीच नाही. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूबाई सांगायच्या. एरवी तिनं ते हसण्यावारी नेलं असतं. पण निजामाच्या पोलिसांचं वॉरंट निघालं म्हणून ते सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेले त्याला आठ महिने झाले, आणि एक चिठ्ठी नाही... आता कोण हसणार?

आणि उच्चारलंच नाही ते नाव हजर कसं लिहायचं? या वेड्या प्रामाणिकपणापायी समोर बसलेल्या सात वर्षांच्या पोराला ती रोज गैरहजर मांडत आली होती.

सकाळीच हेडमास्तर शरणप्पांनी पट उघडून विचारलं होतं, "बाई, ह्ये पोरगं रोज म्होरं बसतंय, आन तुमच्या पटावर बारा दिस गैरहजर? आज बी तसंच मांडलं तर त्याचं नाव कटंल. आन मग तुम्हाला तरी कसं ठेवायचं?"

नोकरी गेली तर सासूच्या ताटात काय वाढायचं? आणि नाव घेतलं, अन् तिकडे त्यांना काही झालं तर... इकडे आड, तिकडे विहीर.

पोर तिच्या तोंडाकडे बघत होतं. बारा दिवस तसंच बघत होतं, न रडता. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"मल्लिनाथ."

"हजर हाय, बाई!" पोर उठून ओरडलंच.

खिडकीतलं ऊन, मुलांची डोकी, भिंत... सगळं पाण्यात बघावं तसं हललं. भीती वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं ते सुख, नुसतं सुख. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या नावाला कुणीतरी म्हणालं होतं, हजर आहे. सहाव्या नावाचा मुलगा केव्हाचा अर्धवट उठून थांबला होता. पुन्हा एकदा तीच हाक मारली तर... एकदाच... ती पुन्हा ते नाव घ्यायला आसुसली होती, आणि आता भीती वाटत होती ती त्या आसुसण्याचीच.