लिफ्टचं पुढे काय झालं

आमच्या रविवार पुरवणीत दर आठवड्याला एक जुना लेख पुन्हा छापतात. हे सदर संपादकांचं फार लाडकं, कारण जुन्या लेखासाठी कोणाला उन्हात पाठवावं लागत नाही. लेखाखाली ‘पुढे काय झालं’ अशी एक चौकट असते आणि ती माझ्या गळ्यात. बहुतेक वेळा पुढे काहीच झालेलं नसतं. तेच दर रविवारी वेगवेगळ्या शब्दांत लिहायचं, म्हणून मी अलीकडे कोणाशी धड बोलत नाही असं ऑफिसात म्हणतात. खरंच आहे ते.

या खेपेला निवडला गेला तो माझ्या मामाचा लेख. मामा आमच्याच पेपरात वार्ताहर होता. तेवीस वर्षांपूर्वी त्यानं सरकारी बाळंतपणाच्या हॉस्पिटलवर दोन पानं भरून लिहिलं होतं. ऑपरेशनची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. अडलेल्या बायकांना खुर्चीत बसवून चौघं जण जिन्यानं वर न्यायचे. अशीच एक बाई वाटेतच गेली. मामा कित्येक महिने त्या जिन्यात जाऊन बसायचा. खुर्ची उचलणारे, नर्स, त्या बाईचा नवरा, सगळ्यांशी बोलला. लेख गाजला, चौकशी नेमली गेली, नवी लिफ्ट मंजूर झाली. मग मामा दुसऱ्या बातमीमागे लागला.

आता मामा अंथरुणाला खिळलाय आणि डॉक्टरांनी हात टेकलेत. लेख पुन्हा येणार म्हटल्यावर गडी उशीला टेकून उठून बसला.

“चौकटीसाठी तिथे जाशील ना? फोनवर भागवू नकोस,” तो म्हणाला. “लिफ्ट चालते का बघून ये. जाण्याआधी तेवढं कळू दे मला.”

दारापर्यंत सोडायला आलेली मामी हळूच म्हणाली, “काहीही असलं तरी चालते म्हणून सांग. आता ह्यांना दुसरं काय देणार आपण?”

छापण्याआधी लेख संबंधितांकडे पाठवायची आमची पद्धत आहे. जुन्या पेपरातला मजकूर पुन्हा टाइप करून आम्ही तो हॉस्पिटलच्या अधीक्षकांना पाठवला. त्यावर तारीख घालायची राहिली, हे कोणाच्याच लक्षात आलं नाही.

मी गेले तेव्हा कागद त्यांच्या टेबलावरच होते, जागोजागी लाल खुणा केलेले.

“दोन चुका आहेत,” अधीक्षक म्हणाले. “बाई सोमवारी नाही, गुरुवारी गेली. आणि दुसऱ्या मजल्यावर नाही, पहिल्याच वळणावर. बाकी मला काही म्हणायचं नाही. फक्त तुमच्या माणसाला आत कोणी सोडलं ते सांगा.”

मला आधी काही कळेना. कळलं तेव्हा मी कागदांवर बोट ठेवलं.

“साहेब, हा लेख तेवीस वर्षांपूर्वीचा आहे.”

त्यांनी कागद उलटून पाहिले. माणूस वाईट नव्हता. “मी इथे आल्याला दोनच वर्षं झालीत,” एवढंच म्हणाले.

लिफ्ट तिथेच होती. तिच्या दाराला टेकून गाद्या रचून ठेवल्या होत्या आणि त्यांवर धूळ बसली होती. जिन्याच्या पहिल्या पायरीवर गुरुवारी गेलेल्या मुलीची आई मृत्यूच्या दाखल्यासाठी थांबली होती. मी तिच्या शेजारी बसले. मी काही विचारलं नाही, तीच बोलत राहिली.

तिथून निघाले ती सरळ मामाकडे. वाटभर स्वतःला बजावत होते की खोटं बोलायचं, डोळ्यात डोळे घालून बोलायचं.

“चालते,” मी म्हटलं.

मामाचा चेहरा असा निवळला की मला तो लहानपणीचा, मला खांद्यावर घेणारा मामा दिसला. मामीनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“मग माझा लेख काढून टाक,” मामा म्हणाला.

“का पण?”

“काम झालं ना त्याचं? मग आता माझी आरती ओवाळायला छापणार का? मेल्यावर ओवाळाच की. त्या जागी अजून चालू असलेलं काहीतरी घे.”

मी पुरती अडकले. लेख काढला तर गुरुवारच्या मुलीचं कुठेच काही येणार नव्हतं. आमच्या संपादकांनी तिला आतल्या पानावर दोन ओळी दिल्या असत्या, त्याही जागा उरली तर. मामी मान हलवून मला नको नको म्हणत होती. मला तिचा राग आला, माझा आला, आणि त्या लोभस म्हाताऱ्याचा तर सगळ्यात जास्त.

“बंद आहे, मामा. गेल्या गुरुवारी एक मुलगी गेली. जिन्यातच.”

“झालं तुझं समाधान?” मामी मला म्हणाली.

मामानं जुन्या सवयीनं विचारायला सुरुवात केली.

“वय?”

“बावीस.”

“म्हणजे लेखाच्या वेळी नव्हतीच ती. तिथे आणली कोणी तिला? लोकांना माहीत नव्हतं का?”

इथे तरी गप्प बसायला हवं होतं मी. पण तो विचारत होता आणि त्याला अर्धवट उत्तर देणं मला कधी जमलं नाही.

“आईनं आणली. मुलीचा नवरा दुसरीकडे नेतो म्हणत होता, आईनेच हट्ट धरला. ही मुलगी तिला तिथेच झाली होती, तुझ्या लेखानंतरच्या वर्षी. तेव्हा लिफ्ट नवीकोरी होती. आई त्या लिफ्टनंच वर गेली होती.”

मामानं डोळे मिटले. झोप लागली असं वाटून मी उठले, तेवढ्यात तो बोलला.

“छाप लेख. आणि चौकटीत एवढंच लिही, की लिफ्ट आली होती.”