माझ्या तोंडी घातलेला 'हो'

मी एक जुना सर्व्हर आहे. मित्रांनो, सर्व्हर म्हणजे काय हे ठाऊक नसलं तरी लाजू नका. ज्या इस्पितळात मी उभी हयात काढली, तिथल्या निम्म्या लोकांनाही मी गरम हवा सोडणारा पत्र्याचा खोकाच वाटायचो. सध्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांशेजारी पडलो आहे. अंगावर कुणीतरी फिनेलचा डबा ठेवलाय.

कारखान्यातून आलो तेव्हा काय थाट होता माझा! बाळंतिणींच्या इस्पितळात, दुधाच्या खोलीत मला बसवलं. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना अंगावर पिता येत नाही. त्यांच्या आया दूध काढून देत, त्याच्या चिमुकल्या बाटल्या थंड कपाटात राहत, आणि त्या कपाटावर नजर ठेवायचं काम माझ्याकडे होतं. कपाट जरा तापलं की मी घंटा बडवायचो. दाराबाहेरचा रखवालदार "आलो रे बाबा, आलो!" म्हणत धावायचा. या कामात मी कधी कुचराई केली नाही.

इस्पितळातले सगळे संगणक ताई सांभाळायच्या. मऊ ब्रशने माझी धूळ झाडायच्या, पंखा कुरकुरला की विचारायच्या, "काय म्हातारबुवा, आज काय दुखतंय?" तेवढ्यानं माझं पोट भरायचं.

पुढे नवं सॉफ्टवेअर आलं. कपाट तापलं तर ते थेट ताईंच्या मोबाइलवर निरोप धाडणार होतं. ताईंना ते हवंच होतं, कारण त्यांच्या धाकट्या बहिणीला सातव्या महिन्यात मुलगा झाला होता. ओंजळीत मावेल एवढा, काचेच्या उबदार पेटीत ठेवलेला. त्यातच बहिणीला ताप भरला नि तिचं दूध आटलं. आधी काढून ठेवलेल्या बाटल्या तेवढ्या कपाटात होत्या, आणि पोराला दुसरं काही पचत नव्हतं. रखवालदार नेमका जागेवर नसला तर, या धास्तीनं ताईंचा जीव टांगणीला लागला होता.

सॉफ्टवेअर आधी मला विचारतं, तुझी ऑपरेटिंग सिस्टिम नवी आहे का? ती आम्हा यंत्रांची बोली समजा. सॉफ्टवेअर ज्या बोलीत सांगणार, ती आम्हाला यायला हवी. मी खरं तेच सांगितलं, की माझी जुनी आहे. पडद्यावर लाल अक्षरं आली: चालणार नाही. नवी सिस्टिम घ्यायची ताकद माझ्या अंगात उरली नव्हती.

ताई मोठ्या साहेबांकडे नवा सर्व्हर मागायला गेल्या आणि पाय आपटत परत आल्या. "म्हणे धडधाकट आहे की! पुढच्या वर्षी बघू!" त्या दुधाच्या खोलीतल्या सिस्टरना म्हणाल्या. "अहो, बाळ थांबणारेय का पुढच्या वर्षापर्यंत?"

मग त्यांनी माझ्यातला सिस्टिमचा जुना क्रमांक खोडून तिथे नवा लिहिला. "म्हातारबुवा, विचारलं तर हो म्हणायचं बरं का," त्या कुजबुजल्या. पुन्हा तोच प्रश्न आला आणि माझ्या तोंडून 'हो' गेलं. हिरवा दिवा लागला. ताईंनी सुस्कारा सोडला, आणि आता गरज नाही म्हणून घंटेचा जुना प्रोग्रॅम काढून टाकला.

रविवारी दुपारी कपाट बंद पडलं. दिवसभराच्या बाटल्या सकाळीच नेलेल्या, त्यामुळे ते उघडायला कुणी येणार नव्हतं. नवं सॉफ्टवेअर मला सारखं सांगत होतं, निरोप पाठव, निरोप पाठव! अरे, पण कसा? ती बोली मला येतच नव्हती. घंटा तर काढून घेतलेली. दाराबाहेर रखवालदार स्टुलावर निवांत नखं कापत बसला होता.

सोमवारी सिस्टरनी कपाट उघडलं, तर सगळं दूध नासलेलं. बहिणीच्या बाटल्या ताईंनी स्वतःच्या हातांनी मोरीत ओतल्या. बहीण दारातच उभी होती.

"ताई, तूच म्हणालीस ना, आता काळजी करू नकोस?"

"म्हणाले होते गं," ताई म्हणाल्या.

बाळाला वरचं दूध सुरू केलं. त्याला ते सोसलं नाही. त्याच आठवड्यात त्याची काचेची पेटी रिकामी झाली.

आणि नवा सर्व्हर? तो पंधरवड्यात आला! मला जिन्याखाली ढकललं. नोकरी सोडून जाताना ताई इथे आल्या होत्या. म्हातारबुवा म्हणाल्या नाहीत. नुसता माझ्या पत्र्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मित्रांनो, यंत्र असो वा माणूस, जुनं झालेलं कुणी 'मला हे झेपणार नाही' म्हणालं, तर त्याच्या तोंडी 'हो' घालू नका. ताईंवर माझा राग नाही. इतकी माया मला दुसऱ्या कुणी लावली नाही. पण त्या लाल अक्षरांत मी 'नाही' म्हणालो होतो ना, तेव्हाही मी त्या बाळाच्या दुधाचीच राखण करत होतो.