एकट्याची गोष्ट

गल्लीभर आता काचेच्या इमारती उभ्या होत्या. जुनं वर्कशॉप तेवढं राखून ठेवलं होतं, कारण कंपनीचं पहिलं यंत्र तिथे बनलं होतं. त्या यंत्रापायी थोरल्या भावाची दोन बोटं लेथने खाल्ली होती. आज धाकट्याने भिंतीवर पितळी पाटी बसवली: 'इथे एका तरुणाने एकट्याने सुरुवात केली.'

पाटी वाचून थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"पैसा लावणाऱ्यांना एकट्याचीच गोष्ट आवडते, दादा," धाकटा म्हणाला. "दोघं म्हटलं की त्यांना पुढचं भांडण दिसतं. मनाला लावून घेऊ नकोस."

थोरल्याने त्याचं मनगट धरलं, पंजा टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात कोंबला आणि आवळायचा दांडा फिरवला. हाड कडकन मोडलं. धाकटा गुरासारखा ओरडला.

"किती जण होतो?"

"दोघं, दादा. दोघं."

आरडाओरडा ऐकून बाहेर थांबलेला गुंतवणूकदार दारात आला. त्याने टेबलावरून ठिबकणारं रक्त पाहिलं, मग पाटी पाहिली, आणि त्याचे डोळे चमकले.

"दोन सख्खे भाऊ आणि रक्त," तो म्हणाला. "अहो, ही गोष्ट कितीतरी जास्त चालेल. पाटी बदलून घेऊ."

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक व्हाइस होता. थोरल्याने त्याचा जबडा सावकाश उघडला.

"या ना साहेब, आत या," तो म्हणाला. "पाटीवर तिघं लिहू. तुमचाही हात लागू दे."