शितावरून भाताची परीक्षा

डॉ. सुधाकर देवस्थळ्यांनी साठ वर्षांत पुस्तकापेक्षा जड काही उचललं नव्हतं. भोपाळच्या इंद्रपुरीतल्या घरी गॅसचं सिलिंडरसुद्धा त्यांची बायको लीलाताईच सरकवायच्या. असा माणूस मंगळवारी भर दुपारी कंपनीच्या आवारातल्या वीस फुटी लोखंडी मचाणावर चढला, तेव्हा खाली जमलेल्यांनी आधी मोबाइल काढले आणि मग हाका मारल्या.

त्यांच्या कमरेला सेफ्टी बेल्ट होता. टाकीवरचा कामगार गिरीश ज्या खेपेतल्या बेल्टने गेला, त्याच खेपेतला.

कंपनी पाण्याच्या टाक्या बांधायची. कामगारांचे बेल्ट तपासून शिक्का मारायचं काम सुधाकररावांच्या प्रयोगशाळेचं. नियम प्रत्येक बेल्ट ताणून पाहण्याचा. सुधाकररावांची रीत मात्र शितावरून भाताची परीक्षा करण्याची. त्या खेपेतल्या बारांपैकी त्यांनी एक ताणला, बारांवर शिक्के मारले आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. पंधरा दिवसांनी गिरीश टाकीवरून पडला. बेल्टची उसवलेली शिवण सुधाकररावांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. तरी चौकशीच्या अहवालात त्यांनी लिहिलं, ‘कामगाराने हूक अडकवला नव्हता.’ बेल्ट भंगारात पाठवला. शिकलेल्या माणसाचं पाप असं नीटनेटकं असतं.

गिरीशची बायको मृणाल तीन घरं पलीकडे राहायची. ती भांडली नाही, तेच वाईट झालं. दारात उभी राहून एवढंच म्हणाली, “काका, हूक लावल्याशिवाय गिरीश पाय उचलायचा नाही. जुई रोज विचारते, पप्पांची गलती होती का? तेवढी एक ओळ काढा.”

तेव्हापासून ती ओळ सुधाकररावांची पाठ सोडेना. ओळ काढायची तर स्वतःचा गुन्हा लिहावा लागणार, आणि चाळीस वर्षांचं नाव धुळीला मिळणार. मग त्यांनी मनाशी हिशेब मांडला: सर्वांसमक्ष बेल्टच तुटला, तर आपल्याला तोंड उघडावं लागणार नाही. आपण मेलो तर मेलो. भित्र्या माणसाला मरण कधीकधी सोपं वाटतं.

त्यांनी हूक अडकवला, डोळे मिटले आणि उडी मारली.

बेल्ट तुटला नाही.

दोन बरगड्या मोडून ते मचाणाला लोंबकळत राहिले. खाली टाळ्या वाजल्या. मॅनेजर सगळ्यांना सांगू लागले, बघा, आमचे साहेब स्वतःच्या जिवावर बेल्ट तपासतात. सुधाकरराव वरून ओरडत होते, बाकीचे तपासलेच नव्हते, गिरीशचा फाटला होता. लोक म्हणाले, डोक्याला धक्का बसलाय. संध्याकाळपर्यंत त्या उडीचा व्हिडिओ, बेल्ट मजबूत असल्याचा पुरावा म्हणून, गिरीशच्या फायलीला जोडला गेला.

दुसऱ्या दिवशी मृणाल दवाखान्यात आली. सुधाकररावांनी रडत सगळं सांगितलं. खुर्चीच्या कडेला बसून सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं,

“उडी मारायची हिंमत झाली, काका. लिहायची का नाही झाली?”

“आता लिहितो. कागद दे.”

“लिहा. पण आता कोण खरं मानणार? बेल्ट टिकलेला साऱ्या भोपाळने बघितलाय.”

तरी तिने पिशवीतून जुईची वही काढली, मागचं कोरं पान फाडून पेनासकट त्यांच्या हातात दिलं. मग जुईची शाळा सुटायची वेळ झाली म्हणून ती निघाली.