आधी हात कोणी उचलला?

मित्रांनो, मला जुनी म्हणा, वाकलेली म्हणा, पण काठीच म्हणा. लाठी म्हणू नका. लाठी मारण्यासाठी असते. मी त्यासाठी जन्मले नव्हते.

कंधार तालुक्यातल्या एका वाडीत सटवाजी नावाच्या शेतकऱ्याने मला घडवले. त्याने भरीव वेळू निवडला, विस्तवावर शेकून सरळ केला, करडईच्या तेलाने चोळला आणि खालच्या टोकाला लोखंडी शेंबी बसवली. भुईमुगात रानडुकरे शिरत, त्यांच्यासाठी मी होते. सटवाजी मला आधी जमिनीवर आपटायचा, मग ओरडायचा. जे डुक्कर अंगावर येई त्यालाच माझा फटका बसे. पळणाऱ्याच्या पाठीवर त्याने मला कधी टाकले नाही. "गेलं न्हवं, झालं आपलं काम," असे म्हणून तो मला खांद्यावर घ्यायचा. तेव्हा मला माझा फार अभिमान वाटे.

सटवाजी गेल्यावर मी दाराआड पडून होते. तिथून मला त्याच्या नातीने, उज्वलाने, बाहेर काढले. ती नांदेडला कायदा शिकत होती. रविवारी वाडीला आली की ती समाजमंदिरात मुलांचा वर्ग घ्यायची. भिंतीवर जगाचा नकाशा टांगायची आणि देश दाखवायला मला हातात धरायची. वाडीची मुले येत, तशी ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावातून राजकन्या नावाची मुलगीही येई.

एकदा उज्वलाने सांगितले, की जगातल्या देशांनी मिळून एक सनद केली आहे. कोणी कोणावर बळ वापरायचे नाही, असे त्या सनदेत आहे. मात्र एखाद्या देशावर हल्ला झालाच, तर त्या देशाला स्वतःला वाचवण्याचा हक्क आहे. जोर लागेल तेवढाच लावायचा, आणि आपण काय केले ते सुरक्षा परिषदेला लगेच कळवायचे. ऐकताना मला सटवाजी आठवला. त्याने ही सनद कधी वाचली नव्हती, पण तो तसाच वागत असे.

"पण ताई," माउली नावाच्या मुलाने विचारले, "समोरचा आता हाणणार असं वाटलं, तर आपण आधीच हाणायचं का?"

"तुला तर शाळेत रोजच तसं वाटतंय," राजकन्या म्हणाली, आणि सगळा वर्ग हसला.

उज्वला हसली नाही. ती म्हणाली, "यावर देशादेशांत वाद आहे. पण नुसतं वाटलं म्हणून मारायची मोकळीक दिली, तर जगातला प्रत्येक हल्ला बचावच ठरेल."

पुढच्या रविवारी तिने स्वयंनिर्णय शिकवला. परक्या सत्तेखालच्या लोकांनी आपला कारभार कसा चालावा हे स्वतः ठरवायचे, असा तो हक्क. आफ्रिकेतले एकेक देश मी दाखवत गेले. हे तर आपल्या वाडीसारखेच झाले, असे माउलीला वाटले. वाडी म्हणजे देश नव्हे, तिला हा कायदा लागत नाही, असे उज्वलाने समजावले. पण आपल्याला विचारून ठरवा, एवढी इच्छा दोन्हीकडे सारखीच असते, हेही ती म्हणाली.

त्या दिवसांत वाडीला स्वतःची वेगळी ग्रामपंचायत हवी होती. मोठ्या गावापुढे वाडीची मते नेहमी कमी पडत. नळाची लाइन ओढ्यापर्यंत येऊन थांबली होती. ग्रामसभेत ठराव व्हायचा तर मोठ्या गावातली काही माणसे वाडीच्या बाजूने यायला हवी होती. तिथे राजकन्येच्या आजोबांचा, किशनरावांचा, शब्द चाले. आणि किशनराव आजवर विरोधातच होते.

ग्रामसभेला निघताना उज्वलाच्या वडिलांनी, वैजनाथने, मला उचलले. काठी कशाला, असे तिने विचारले.

"बचावाला. तूच शिकवून राहिली नं पोरायला?" ते म्हणाले.

सभेत टोमणे सुरू झाले. वाडीत बिस्किटाचं दुकान नाही अन् सरपंच पाहिजे, असे कोणी बोलले. दुकान टाकतो की, आधी पाणी तर येऊ द्या, असे वाडीच्या चांगुणाबाईंनी सुनावले. दोन्हीकडचे लोक हसले. मग ठराव वाचला गेला आणि बाजूने असणाऱ्यांना हात वर करायला सांगितले. वाडीचे हात वर गेले. मोठ्या गावाचा एकही हात वर नव्हता. तेवढ्यात किशनराव आपली जागा सोडून सरळ वाडीच्या लोकांत चालत आले, वैजनाथजवळ थांबले आणि त्यांनी हात उचलला.

तो हात आपल्यावर येतो आहे, असे वैजनाथला वाटले. नुसते वाटले, मित्रांनो. आणि मी त्या हातावर पडले. मनगट मोडल्याचा आवाज माझ्याच अंगातून गेला.

सभा उधळली. दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे पंच बसले. मत द्यायला आलो होतो, असे किशनराव सांगत होते. पण ते आणि वाडीला मत देणार, यावर कोणाचा विश्वास बसेना. शेवटी पंचांनी उज्वलाला विचारले. ती अगदी जवळ होती, आणि कायदा शिकणारी म्हणून तिच्यावर दोन्ही बाजूंचा भरवसा होता.

तिने वडिलांकडे पाहिले. मग ती म्हणाली, "आधी किशनरावकाकांनी हात उचलला."

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. पण आपल्या भाषेत हात मतासाठी उचलतात, तसा मारायलाही उचलतात. पंचांनी दुसरा अर्थ घेतला आणि तिने तो घेऊ दिला. वैजनाथने बचाव केला, असे ठरले. रविवारमागून रविवार जिने मला न्यायाची बाजू दाखवायला हातात धरले, तिनेच मला लाठी केले.

त्या रविवारीही राजकन्या वर्गाला आली. देश दाखवायला उज्वलाने मला घेतले नाही, पेन घेतला.

"ताई," राजकन्या म्हणाली, "एखाद्या देशानं परिषदेला खोटं कळवलं तर?"

उज्वलाने नकाशा गुंडाळायला घेतला. आज एवढंच, म्हणाली. राजकन्या त्यानंतर आली नाही.

आता मी गोठ्याच्या पत्र्याला टेका देऊन उभी आहे. शेंबी गंजली आहे. मला तेल लावले नाही तरी चालेल, मित्रांनो. पण मला उचलण्याआधी समोरच्याचा हात कशासाठी वर गेला आहे, ते नीट बघा. आणि चूक झालीच, तर ती माझ्या आड लपवू नका. चांगुणाबाई सांगत होत्या, ठराव पुन्हा सभेपुढे आला होता. किशनरावांचे मनगट तोवर बरे झाले होते. पण हात वर करा म्हटल्यावर ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि त्यांच्याकडे पाहून सगळे मोठे गावही.